सकाळ-संध्याकाळच गळणारा शॉवर

डिसेंबरातली गोष्ट. कोथरूडला एका जुन्या सोसायटीतून फोन आला, तिसरा मजला, शॉवर गळतोय. काका फोनवरच म्हणाले, "तुमच्याआधी दोघं येऊन गेलेत. टाइल फोडायची असेल तर फोडू, पण आता एकदाच काय ते करा." आवाजात राग नव्हता, कंटाळा होता.

बावीस वर्षं प्लंबिंग करतोय. गळका शॉवर हे रोजचं काम. लोक म्हणतात शॉवर गळतो, पण शॉवर कधीच गळत नाही. शॉवरची जाळी म्हणजे नुसतं उघडं तोंड, तिला बंद व्हायला काही नसतंच. गळतो तो खालचा कॉक. जुन्या फिटिंगमध्ये स्पिंडलच्या, म्हणजे मुठीबरोबर फिरणाऱ्या दांड्याच्या, टोकाला रबरी वायसर असतो. तो कडक होतो, चिरतो, किंवा ज्या पितळी सीटवर तो बसतो तिला बारीक चर पडतो. अर्ध्या फिरकीच्या नव्या कॉकमध्ये सिरॅमिकच्या दोन चकत्या असतात, त्यांच्यामध्ये टाकीतल्या वाळूचा एखादा कण अडकला तरी पुरतं. मोठ्या जाळीचा शॉवर बंद केल्यावर पाच-दहा मिनिटं ठिबकला तर ते जाळीत साचलेलं पाणी असतं, त्यासाठी कुणाला बोलवू नये. एवढ्यात बहुतेक गळके शॉवर बसतात. मीही तीच तयारी करून गेलो होतो, वायसरची डबी, दोन स्पिंडल, टेफ्लॉन टेप आणि सीट कटर.

बाथरूम लहान पण लख्ख. भिंतीत दोन कन्सील्ड कॉक, डावीकडे गरम, उजवीकडे गार, दोन्हींचं पाणी वर शॉवरला जातं. खाली बादलीसाठी वेगळा गरम नळ. दरवाज्याच्या वर 25 लिटरचा गीझर. शॉवरच्या बरोबर खाली पाटावर एक पितळी तांब्या ठेवलेला. मी पोचलो तेव्हा अकरा वाजले होते आणि शॉवर कोरडाठाक होता.

आधीच्या दोघांचं काय झालं ते काकांनी सांगितलं. पहिल्याने थेंबाखाली हात धरला, थेंब गार लागला, म्हणून गार पाण्याच्या कॉकचा स्पिंडल बदलला. फरक पडला नाही. दुसऱ्याने दोन्ही वायसर बदलले, चार दिवस बरं वाटलं, पुन्हा थेंब सुरू. मग तो म्हणाला, सीट गेली, टाइल फोडून कॉकची बॉडीच बदलायला हवी.

मी वरच्या टाकीची लाइन आणि गीझरची लाइन बंद केली, गरम बाजूचा स्पिंडल काढला आणि आत बॅटरी मारली. सीटला चर होता. फार नाही, केसासारखा. असा चर पडलेला असला की सीट कटर आत घालायचा, हलक्या हाताने आठ-दहा फेरे द्यायचे, सीट आरशासारखी होते. टाइलला हात लावायची गरज नाही. मी कटर पिशवीतून काढून हातात घेतला होता.

तेवढ्यात दारातून काकू म्हणाल्या, "तो सकाळी अन् संध्याकाळीच गळतो हो. दुपारी कधी नाही, रात्री कधी नाही. मी त्या दोघांनाही सांगितलं."

"किती गळतो?"

"हा तांब्या अर्ध्याला जरा कमी भरतो. रोज तेवढाच."

रोज तेवढाच म्हटल्यावर मी कटर खाली ठेवला. चर पडलेल्या सीटला घड्याळ कळत नाही. टाकी गच्चीवर आहे, तिचं पाणी चोवीस तास कॉकवर दाब देतं. तिथून तिसऱ्या मजल्यापर्यंत नऊ-दहा मीटर, म्हणजे साधारण एक किलो प्रेशर, दिवसा तेवढंच, रात्री तेवढंच. कॉक त्या दाबाला गळत असेल तर तो दुपारीही गळायला हवा आणि रात्रभरात बादली भरायला हवी. हा तर ठरल्या वेळी सुरू होत होता आणि ठरलेलं पाणी टाकून थांबत होता. म्हणजे टाकीखेरीज दुसरं कुणीतरी मागून ढकलत होतं.

"गीझर कधी लावता काकू?"

"सकाळी सहाला. आणि संध्याकाळी सातला, ह्यांचे पाय शेकायला."

स्पिंडल होता तसा परत बसवला, लाइन उघडली, आणि काकूंना गीझर लावायला सांगितलं. रोज होतं तेच होऊ दे, फक्त आज आपण बघू. काका खुर्ची घेऊन दारात बसले, मनगटावरचं घड्याळ काढून हातात धरलं. सात-आठ मिनिटं काहीच नाही. मग जाळीच्या कडेला एक थेंब फुगला, लोंबला, तांब्यात टपकला. दुसऱ्याला वेळ लागला, तिसऱ्याला कमी. थोड्या वेळात सेकंदाला दोन-तीन थेंब पडायला लागले. मी तळहात धरला. गार पाणी. गीझरचा लाल दिवा 34 मिनिटांनी गेला, आणि त्याबरोबर थेंबही विरळ होत होत थांबले. तांब्यातलं पाणी काकूंनी स्वयंपाकघरातल्या मापात ओतलं तर 320 मिलिलिटर भरलं.

पाणी तापलं की फुगतं. 20 अंशांवरून 60 अंशांवर गेलं की जवळजवळ दीड टक्का. 25 लिटरच्या टाकीत हे होतात पावणेचारशे मिलिलिटर. एवढं जास्तीचं पाणी कुठेतरी जायलाच हवं, कारण पाणी दाबलं जात नाही आणि लोखंडी टाकी ताणत नाही. जुन्या गीझरला आत जाणाऱ्या लाइनवर एनआरव्ही, म्हणजे पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा वॉल्व्ह, नसायचा, त्यामुळे फुगलेलं पाणी आल्या वाटेने मागे सरकायचं, थेट गच्चीच्या टाकीकडे, कुणाला पत्ताही लागत नसे. आता गीझरसोबत जो वॉल्व्ह येतो त्यात एनआरव्ही असतो. पाणी आत येतं, मागे जात नाही. मग फुगलेल्या पाण्यासाठी त्याच वॉल्व्हच्या बाजूला एक बारीक तोंड दिलेलं असतं. आतला दाब वॉल्व्हवर लिहिलेल्या आकड्यापर्यंत गेला, बहुधा 8 बार, म्हणजे साधारण 8 किलो असतो, की ते तोंड उघडतं आणि थेंब थेंब पाणी सोडतं. तापताना ते तोंड ठिबकणं हेच त्याचं काम आहे.

थेंब गार का, तेही यातच आलं. गीझरपासून शॉवरपर्यंतच्या पाईपमध्ये आदल्या आंघोळीचं पाणी थंड होऊन उभं असतं. अर्धा इंची पाईपच्या मीटरभरात सव्वाशे मिलिलिटरच्या आसपास पाणी मावतं. मागून फुगलेलं पाणी ढकलतं ते या उभ्या पाण्याला. तापलेलं पाणी जाळीपर्यंत पोचायच्या आत दिवा जातो. पहिल्या प्लंबरचा हात खोटं बोलला नव्हता, गरम लाइनमधलंच पाणी गार होतं.

दिवा गेल्यावर मी गीझरचं बटण बंद केलं आणि खालचा गरम नळ उघडला. फस्सकन् पिचकारी आली, पाणी बादलीच्या बाहेर उडालं, आणि लगेच धार नेहमीसारखी झाली. काकू म्हणाल्या, "पहिल्यांदा असंच उसळतं रोज." मग स्टुलावर चढून गीझरच्या मागे बॅटरी मारली.

वॉल्व्हच्या त्या बारीक तोंडात रबराचा तुकडा कोंबला होता आणि वरून एम-सील फासलं होतं. बोटांचे ठसे उमटलेले, वाळून दगड झालेलं.

मला स्टुलावरून उतरायला जरा वेळ लागला.

काकांनी आठवून सांगितलं. नवा गीझर गणपतीत बसवला. आठवड्यातच त्या तोंडातून थेंब पडायला लागले, दाराशी ओलं व्हायचं. बसवणारा फोन उचलेना. सोसायटीत किरकोळ कामं करणारा एक जण होता, त्याने दहा मिनिटांत "लीकेज" बंद करून दिलं. शॉवर गळायला लागला तो दसऱ्याच्या सुमारास. म्हणजे ते तोंड बंद झाल्यापासून गीझर दिवसातून दोन वेळा फुगत होता, आणि त्याला सुटायला वाट एकच उरली होती, केसाएवढा चर पडलेली ती सीट.

आणि मी ती सीट आरशासारखी करणार होतो. माझं काम नीट झालं असतं, हेच मला अजून आठवतं. शॉवर कोरडा झाला असता, काका खूश झाले असते, मी पैसे घेऊन घरी गेलो असतो, आणि दुसऱ्या दिवशी सहा वाजता काकूंनी बटण दाबलं असतं. गीझरचा कनेक्शन पाईप उतरवून पाहिला तर त्याच्या स्टीलच्या जाळीचे तीन-चार धागे तुटून आतलं रबर वाटाण्याएवढं बाहेर आलं होतं. तो पाईप आधी गेला असता की टाकीचा जोड, ते मला सांगता येणार नाही. त्यात थर्मोस्टॅट अडकला असता आणि पाणी तापतच राहिलं असतं तर? दाबाखालचं पाणी शंभर अंशांच्या वर जाऊनही पाणीच राहतं, आणि टाकी फुटली की त्यातल्या काही पाण्याची एका क्षणात वाफ होते. पाण्याची वाफ झाली की ती सोळाशे-सतराशे पट जागा मागते. त्या बाथरूमची रुंदी पाच फूट होती.

पुढचं काम साधं होतं. कर्वे रोडवरून नवा वॉल्व्ह आणला. जुना कापून पाहिला, आतली स्प्रिंग क्षाराने पांढरी होऊन जाम झालेली. सोसायटी बोअरचं पाणी मिसळते, त्याचा हा क्षार. उरलेलं एम-सील कुणी खरवडून काढलं असतं तरी तो वॉल्व्ह उघडला नसता. दोन्ही कनेक्शन पाईप बदलले. वॉल्व्हच्या तोंडाला पारदर्शक नळी लावून ती भिंतीने खाली आणली आणि टोक उघडं ठेवलं, म्हणजे थेंब डोळ्यांना दिसेल. ओळखीच्या इलेक्ट्रिशियनला बोलावून थर्मोस्टॅट आणि पाणी फार तापलं की वीज तोडणारा कटआउट तपासून घेतले. आणि सगळ्यात शेवटी, आता त्यात धोका नाही म्हणून, कटर घालून सीट साफ केली.

संध्याकाळी सातपर्यंत मी थांबलो. पुढचं काम दुसऱ्या दिवसावर ढकललं. काकूंनी पोहे केले, चहा झाला, गीझर लावला. तिघंही पुन्हा दारात. शॉवर कोरडा राहिला. नळीच्या टोकाला थेंब आला, पडला.

"म्हणजे हा गळायलाच हवा?" काकूंनी विचारलं.

"हा गळायलाच हवा. तापताना गळाला नाही तर गीझर बंद करा आणि मला फोन करा."

मार्करने गीझरवर लिहिलं, "ही नळी बंद करू नये." काकांनी त्याखाली तारीख घालायला लावली. काकूंनी तांब्या शॉवरखालून उचलून नळीखाली ठेवला, ते पाणी त्या तुळशीला घालणार होत्या.

काका त्या एम-सीलवाल्यावर फार चिडले होते. मला त्याचा राग आला नाही. पाणी पडताना दिसलं की बंद करायचं, एवढंच त्याला कुणी शिकवलं होतं. मलाही माझ्या वस्तादांनी तेच शिकवलं, त्यांच्या वेळी घरोघरी बंब होते. पण आता गळका शॉवर म्हणून फोन आला की मी पिशवी उघडायच्या आधी विचारतो, कधी गळतो, किती गळतो, गीझर कधी लावता. घरात दिवसभर असणाऱ्या माणसाला विचारतो. बहुतेक वेळा त्या घरच्या बाई असतात, आणि त्यांना बरोबर ठाऊक असतं.

जानेवारीत एकदा सकाळी साडेसहाला काकूंचा फोन आला. "अहो, अर्धा तास झाला, नळी गळत नाहीये. मी बटण बंद केलंय." मी चहा अर्धा टाकून निघालो. वाटेत नको ते विचार. पोचलो, गरम नळ उघडला, पाण्याखाली हात धरला. पाणी गारच होतं. कॉइल गेली होती, गीझर तापलाच नव्हता. घरात अजून कुणाची आंघोळही झाली नव्हती, पण काकूंना तांब्या कोरडा दिसला होता.