कोस्टा रिकाच्या रानात रात्रीचा बेडूक-शोध

बेडूक बघायला कोस्टा रिकाला चाललोय म्हटल्यावर घरचे म्हणाले, त्यासाठी विमान कशाला, पावसाळ्यात आपल्या मोरीतच येतात की! असो, मला बघायचा होता तिथला लाल डोळ्यांचा झाडबेडूक. राजधानी सान होसेहून ब्राउलिओ कारियो राष्ट्रीय उद्यानातला घाट उतरून सारापिकीच्या सखल भागाच्या बाजूला आलं की हवाच बदलते, वर्षाला ४ मीटरच्या आसपास पाऊस, घातलेला शर्ट वाळायचं नावच घेत नाही.

अंधार पडल्यावर गमबूट चढवून, हेडलॅम्प लावून निघालो. गाईडची पहिलीच ताकीद, हाताला डास पळवायचं क्रीम असेल तर बेडकाला हात लावायचा नाही, त्याच्या कातडीतून ते सरळ आत जातं. तळ्याकडून ‘चॅक... चॅक’ असा आवाज येत होता आणि एका पानावर महाशय बसलेले, जेमतेम ५ सेंटीमीटरचा नर, हिरवागार, कुशीला निळे-पिवळे पट्टे, केशरी पाय आणि ते प्रसिद्ध लाल डोळे, मधे उभी काळी फट. दिवसा हाच प्राणी पाय पोटाशी घेऊन डोळे मिटून पानाला चिकटून झोपतो, मग सगळे रंग गायब, नाकासमोर असला तरी दिसणार नाही.

सगळ्यांचे कॅमेरे त्याच्यावर. पण खरी गंमत मला शेजारच्या पानावर दिसली, पाण्यावर झुकलेल्या पानाला चिकटलेला अंड्यांचा जेलीसारखा गोळा आणि आत चक्क वळवळणारी पिल्लं! एरवी ती सहा-सात दिवसांनी बाहेर येऊन टपाटप खाली पाण्यात पडतात, पण सापाने गोळ्याला तोंड लावलं तर चार-पाच दिवसांची पिल्लंसुद्धा काही सेकंदात अंडं फोडून उडी टाकतात. कॅरेन वॉर्केंटिन या संशोधक बाईंनी १९९५ साली हे मांडलं, आणि पुढे रेकॉर्ड केलेली कंपनं अंड्यांना ऐकवून दाखवून दिलं की पावसाचा मारा आणि सापाचे हिसके यातला फरक त्यांना कळतो. मग रोजच लवकर का येत नाहीत? कारण खाली मासे आणि कोळंब्या टपलेल्या, जितकं लहान पिल्लू तितकं त्यांना सोपं. म्हणजे आगीतून फुफाट्यात, पण हिशोब करून!

तर जाणार असाल तर पाऊस चालू असतानाच जा, भिजायची तयारी ठेवा, आणि गाईडला बेडकाआधी अंडी दाखवायला सांगा. लाल डोळ्यांचे फोटो काय, पोस्टकार्डावर पण मिळतात.