खूर-शिंग संग्रह, नोंद चौथी: टाप चिरली आणि माझा हिशेब चुकला

मागच्या नोंदीत मी मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं की तट्टाच्या टापेवर ११ कड्या आहेत, म्हणजे वय काढता येईल. ते वाक्य खोडून टाका. गाईच्या शिंगाचा नियम मी खुराला लावला होता.

गाईच्या शिंगावर साधारण दर वेतामागे एक कडी उमटते, कारण गाभण काळात आणि दूध देताना शिंगाला पोसायला कमी मिळतं. पहिलं वेत धरून कड्यांत २ मिळवायचे की अंदाजे वय हाती येतं. (विकणारे कानशीने कड्या घासून गाय तरुण करतात, हा धंदाही तितकाच जुना.) शिंग झिजत नाही, म्हणून जुना हिशेब त्यावर टिकतो. टापेचं तसं नाही. ती वरच्या केसाळ कडेपासून महिन्याला साधारण ८ ते १० मिमी खाली सरकते आणि तळाशी झिजते. घोड्याच्या टापेचा पुढचा भाग ९ ते १२ महिन्यांत पुरता नवा होतो. जनावर २५ वर्षांचं असलं तरी टापेत फार तर शेवटच्या वर्षाचा मजकूर सापडणार.

मग या ११ कड्या कसल्या? फूटपट्टी लावली तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. चाऱ्यातल्या किंवा ऋतूतल्या बदलाने येणाऱ्या कड्या एकमेकींना समांतर असतात. इथे त्या पुढे दाटीवाटीने आणि टाचेकडे पंख्यासारख्या फाकलेल्या होत्या. सगळ्यात ठळक कडी पुढे केसांच्या कडेपासून २५ मिमी खाली, टाचेला ४५ मिमी. ही जुन्या लॅमिनायटिसची, म्हणजे टापेची भिंत आतल्या हाडाला धरून ठेवणाऱ्या पदरांच्या सुजेची, खूण आहे. मी तीन आठवडे ती टेबलावर ठेवून बघत होतो आणि वय मोजत होतो!

कापायचं ठरलं. टाप चार दिवस फ्रीझरमध्ये दगडासारखी गोठवली आणि लोखंड कापायच्या करवतीने मधोमध उभी चिरली. गोठवल्याशिवाय हात लावू नका, आतलं मऊ सगळं करवतीच्या दात्यांत अडकून लोळागोळा होतं. हातमोजे आणि मास्क हवाच. जळक्या केसांचा वास येतो तो केराटिनमधल्या (केस, खूर, शिंग ज्याचे बनतात त्या प्रथिनातल्या) गंधकाचा, तो मास्कलाही जुमानत नाही.

आतलं दृश्य थक्क करणारं होतं. निरोगी टापेत आतल्या हाडाची पुढची बाजू भिंतीला समांतर असते. दोघांना धरून ठेवतात ते पदर: ५५० ते ६०० मुख्य आणि प्रत्येकाला शंभरावर बारीक उपपदर. दोन वह्यांची पानं एकाआड एक घालून दाबावीत तसे हाडाकडचे आणि भिंतीकडचे पदर एकमेकांत गुंतलेले असतात. घोड्याचं वजन बहुतांशी या गुंत्यावर लटकलेलं असतं, तळव्यावर टेकलेलं नसतं.

माझ्या तुकड्यात हा गुंता सुटला होता. हाड आणि भिंतीतलं अंतर वर १४ मिमी, खाली २५. मधल्या पाचरीत पिवळट, भुसभुशीत केराटिन भरलेलं, त्यात सुकलेल्या रक्ताचे तपकिरी डाग. मागून स्नायूबंध ओढत राहतो आणि पुढे धरणारं कोणी उरत नाही, म्हणून हाडाचं टोक खाली वळतं. टोकाखाली तळवा जेमतेम ५ मिमी उरला होता. बिचारं कसं उभं राहत असेल!

तारीख काढायचा मोह आवरला नाही. महिन्याला ८ मिमी धरले तर पुढची कडी सांगते तीन महिने, टाचेची सांगते साडेपाच. एकाच आजाराच्या दोन तारखा! ज्या पशुवैद्य मित्राकडून टाप मिळाली, त्याच्यामार्फत मालकाला विचारलं. तट्टू मरण्याआधी पाचेक महिने धान्याच्या पोत्यात तोंड घालून पोटभर खाऊन बसलं होतं, आणि अति धान्याने हाच आजार होतो. म्हणजे टाच खरी बोलत होती. पुढच्या भागाची वाढच आजाराने मंदावली होती, आणि कड्या फाकतात त्या यामुळेच.

बाकीची प्रगती थोडक्यात. म्हशीचं शिंग १९ दिवस पाण्यात कुजवल्यावर कवच बुचासारखा आवाज करत निघालं. आतला हाडाचा गाभा खरबरीत, छिद्राछिद्रांचा आणि बुडाशी पोकळ. ही पोकळी कपाळातल्या सायनसला जोडलेली असते, म्हणूनच मोठ्या जनावराचं शिंग बुडातून मोडलं की जखम थेट डोक्यात उघडते. शिंग उकळून काढायचा उद्योग मी एकदा केला होता, कवच वेडंवाकडं झालं. मांजरीच्या नखाची गळलेली टोपी मिळाली आहे, पारदर्शक आणि आत रिकामी. भिंगाखाली एकात एक घातलेल्या शंकूंसारखे थर दिसतात.

दुसरी टाप अजून फ्रीझरमध्ये आहे. ती आडवी कापून पदर मोजणार आहे. अडचण एकच: तळव्याच्या मधला रबरासारखा त्रिकोणी भाग वाळला की आक्रसून भिंतीपासून सुटतो. मीठ लावून पाहिलं, उपयोग शून्य. कोणी ग्लिसरीनमध्ये ठेवून पाहिलं असेल तर किती दिवस ठेवलं ते सांगा, मग करवत उचलतो.