तुम्ही विचारलंत म्हणून : दुबईतला पगार जातो कुठं?

गावी आलो की पारावरच कुणीतरी विचारतं, "तिथं टॅक्स नाही म्हणं. मग काय करलालास रे एवढ्या पैशाचं?" मामा विचारतात, चुलते विचारतात. बारा वर्षं मी "खर्च असतो" एवढंच म्हणत आलोय. आता सगळं सांगतो.

पगारावर टॅक्स नाही, खरं आहे. पण तुम्ही माझ्या पगाराचे रुपये करता आणि मी दिरहमात खर्च करतो. दिरहम १९९७ पासून डॉलरला बांधलेला आहे, एका डॉलरला ३.६७२५. रुपया पडला की गावात वाटतं, याचा पगार वाढला. इथल्या घरमालकाला आणि किराणावाल्याला त्याचं काही नसतं. फायदा होतो तो फक्त गावी पाठवतो तेवढ्या रकमेचा.

आणि भाडं. ते वर्षाचं ठरतं आणि पुढच्या तारखांचे चेक आधीच लिहून द्यावे लागतात. २०१५ साली बायको-लेकीला आणलं तेव्हा एका खोलीचं घर ४४ हजार दिरहमला घेतलं. अकरा-अकरा हजारांचे चार चेक. अनामत ५ टक्के, एजंटाचे ५ टक्के, शिवाय वर्षाच्या भाड्यावर पालिकेचे ५ टक्के, ते लाइट-पाण्याच्या बिलात दरमहा लागून येतात. माझा पगार ६ हजार. त्यातले साडेतीन हजारांहून जास्त दर महिन्याला बाजूला पडले तरच चेक वटायचा. आणि चेक न वटणं तेव्हा तिथं फौजदारी गुन्हा होता. २०२२ पासून कायदा बराच सैल झालाय, पण मी सांगतोय ते त्याआधीचं.

एप्रिल २०१६. मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली तो आठवडा. १० वाघिणी, ५ लाख लिटर. ती बातमी मी मोबाइलवर बघत होतो, तेवढ्यात अप्पांचा फोन आला. विहीर आटली होती, बोअर मारायचा होता, ६० हजार पाहिजे होते. म्हणजे साधारण ३ हजार ३०० दिरहम. माझ्या खात्यात ११ हजार ४०० होते आणि २० तारखेला ११ हजारांचा चेक जाणार होता.

मी म्हणालो, "अप्पा, आत्ता नाही जमायचं. जूनला बघू."

त्यांनी कारण विचारलं नाही. चेकचं मी सांगितलं नाही, कारण पोरगा जेलात जाईल या धास्तीनं ते झोपले नसते. "बरं" म्हणाले, आणि नातीला फोन दे म्हणाले. बराच वेळ तिच्याशी बोलले.

आठ दिवसांनी चुलतभावाकडून कळलं, हाळी-हंडरगुळीच्या बाजारात बैलजोडी विकली. कडब्यापायी सगळेच जनावरं काढत होते, भाव कुठला येणार? त्यातला एक घरच्या गाईचा खोंड. मी दुबईला निघालो तेव्हा नुकताच औताला धरला होता. त्या पैशात उसनवारी घालून बोअर मारला. ५८० फुटांवर नुसता फुफाटा.

मग मी मनाची समजूत घातली, की मी पैसे पाठवले असते तरी पाणी लागलं नसतं. खरं आहे. पण बोअर माझ्या पैशानं कोरडा गेला असता आणि बैल दावणीला राहिले असते, हेही खरं आहे. बेडस्पेसमधल्या, म्हणजे एकाच खोलीत खाटेपुरती जागा भाड्यानं घेऊन राहायचो तिथल्या, जुन्या सोबत्यांकडं हजार-हजार मागता आले असते. का मागितले नाहीत? तेव्हाचा मी म्हणतो, परक्या मुलखात लेकरू पदरात, नोकरी गेली तर व्हिसाही जातो, हात पसरायचा तरी किती? आताच्या मला ते पटतं आणि पटत नाहीही. लाज वाटली होती, एवढं मात्र कबूल करतो.

त्यानंतर वेगळं खातं काढलं. दर महिन्याला ५०० दिरहम त्यात टाकतो, बायकोला माहीत आहे, ते अप्पांचे. गेल्या दिवाळीला तिकिटं फार महागली. ती म्हणाली, त्यातून घेऊ, भरू नंतर. मी नाही म्हणालो. म्हणून आलो नाही. अप्पा काही बोलले नाहीत. माय म्हणाली, "पैसाच लागतोय बाबा तुला," आणि भाऊबीजेपर्यंत फोनवर आली नाही. त्या खात्याचं तिला मी अजून सांगितलेलं नाही.