लॅबमधून मोडीत निघालेले २४ ऑप्टिप्लेक्स : कामाची नोंद

नोंद १ : लॉट हाती आला

विद्यापीठाच्या एका कॉम्प्युटर लॅबचा निर्लेखित (नोंदीतून वजा केलेला) लॉट. त्यात २४ डेल ऑप्टिप्लेक्स ९०२० डेस्कटॉप, सगळे स्मॉल फॉर्म फॅक्टर (छोट्या कॅबिनेटचे), आणि सोबत एक २४ पोर्टचा सिस्को कॅटॅलिस्ट २९६० नेटवर्क स्विच. प्रोसेसर सगळीकडे आय-५ ४५९०, बोर्डवर क्यू ८७ चिपसेट, रॅमचे चार स्लॉट, डीडीआर ३.

असे लॉट आत्ताच का निघताहेत, ते उघड आहे. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम (सुरक्षा चिप) २.० लागतो, आणि इंटेलचा प्रोसेसर मोजके अपवाद सोडता आठव्या पिढीचा किंवा पुढचा. ९०२० चौथ्या पिढीतलं, टीपीएम १.२ चं. लॅब चालवणाऱ्यांच्या दृष्टीने ते संपलं. लिनक्स चालवणाऱ्याला मात्र त्यात अजून बरीच वर्षं दिसतात.

मशीन बाहेर पडायची वाट बहुतेक विद्यापीठांत सारखीच असते. विभाग 'कालबाह्य' असा शेरा मारतो, डेडस्टॉक रजिस्टरमधून नोंद कमी होते, आयटी विभाग डिस्क काढून घेतो किंवा पुसतो. मग इतर विभागांना विचारणा होते. कुणालाच नको असेल तर शाळा किंवा संस्थांना देणगी, नाहीतर 'आहे त्या स्थितीत' लिलाव, आणि उरलेलं अधिकृत ई-कचरा प्रक्रिया केंद्राकडे. पुढे जी दुरुस्ती करावी लागते तिचा मोठा भाग या वाटेवर काय काढलं गेलं आणि काय विसरलं गेलं, यावरच ठरतो. वयामुळे आलेले बिघाड त्या मानाने थोडे.

लॉट उचलताना दोन कागद घ्याच: मालकी हस्तांतरणाचं पत्र आणि सर्व्हिस टॅगची (प्रत्येक मशीनच्या डेलने दिलेल्या क्रमांकाची) पूर्ण यादी. डेस्कटॉपच्या बायोसचा (मशीन सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रामचा) पासवर्ड बोर्डवरच्या जंपरने (दोन पिना जोडणाऱ्या छोट्या टोपीने) निघतो. लॅपटॉपचा तसा निघत नाही, आणि तिथे उत्पादक मालकीचा पुरावा मागतो. यादी नसेल तर नंतर विभागाला नेमकं कोणतं मशीन हेही सांगता येत नाही.

नोंद २ : मोजणी

वीज लावायच्या आधी सगळी झाकणं उघडून मोजणी केली.

डिस्क २३ मशीनमध्ये नाही, एकात आहे (त्याबद्दल नोंद ४ मध्ये). रॅमच्या ४ जीबीच्या ४१ पट्ट्या, म्हणजे १८ मशीनमध्ये दोन-दोन, ५ मध्ये एकेक, एक पूर्ण रिकामं. डिस्क बसवायच्या निळ्या प्लास्टिकच्या चौकटी १५. साटाच्या (डिस्कच्या जोडणीच्या) पॉवर केबल १७.

हा शेवटचा आकडा सगळ्यात महत्त्वाचा. साध्या कॅबिनेटमध्ये डिस्कची वीज थेट पॉवर सप्लायमधून येते. ९०२० मध्ये सप्लायमधून बोर्डला ८ पिनांचा डेलचा स्वतःचा कनेक्टर जातो, आणि डिस्कची वीज बोर्डवरच्या छोट्या कनेक्टरमधून वेगळ्या केबलने पुढे जाते. आयटीवाले घाईत डिस्क ओढतात तेव्हा ही केबलही डिस्कला लोंबकळत निघून जाते. ती नसेल तर मशीन सुरू होतं, बायोस दिसतो, पण डिस्क कधीच दिसत नाही, आणि माणूस साटा पोर्ट मेला असं समजून बसतो. दिसायला सारखी दुसरी कुठलीही केबल लावू नका. पिनांचा क्रम वेगळा असला तर ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट जातात आणि नवी एसएसडी एका क्षणात जळते.

तीन मशीनच्या मागच्या कडीत कुलपं तशीच, किल्ल्या नाहीत. कडी झाकणाच्या पत्र्याचा भाग आहे, ती कापू नका. कुलपाचा दांडा छोट्या हॅक्सॉने कापला तर झाकण शाबूत राहतं. कापताना मशीन उभं धरायचं आणि फटीवर ओला कपडा ठेवायचा. लोखंडाचा चुरा आत बोर्डवर पडला तर शॉर्ट होतो.

नोंद ३ : पॉवर सप्लाय, सॉकेट, पासवर्ड

पॉवर सप्लायच्या मागच्या बाजूला तपासणीचं छोटं बटण आणि शेजारी दिवा असतो. केबल लावून बटण दाबायचं, हिरवा लागला तर सप्लाय ठीक. २४ पैकी २ लागले नाहीत. सप्लायमध्येच दोष आहे की बोर्ड त्याला खाली ओढतोय, हे कळायला सप्लायचे बोर्डला जाणारे सगळे कनेक्टर काढून पुन्हा बटण दाबलं. दोन्ही वेळा दिवा बंदच, म्हणजे दोष सप्लायचाच.

उरलेल्यांपैकी एका मशीनच्या बटणात ऐंबर दिवा लुकलुकतो आणि पडद्यावर काही येत नाही. रॅम बदलली, प्रोसेसर बदलला, सप्लाय बदलला, तरी तेच. बोर्ड गेला. आणखी एकात प्रोसेसर कुणीतरी काढून पुन्हा बसवलेला दिसला, थर्मल पेस्ट ताजी होती. प्रोसेसर उचलून मोबाईलचा टॉर्च तिरका धरला. ११५० सॉकेटच्या पिना निरोगी असल्या की सगळ्या रांगा एकाच कोनातून एकसारख्या चमकतात. इथे एका कोपऱ्यात तीन ठिपके अंधारे होते. बारीक सुई आणि भिंगाने दोन पिना जागेवर आल्या, तिसरी मुळाशी तुटली. ही दोन्ही मशीन आता सुट्या भागांसाठी. त्यांचे पॉवर सप्लाय चांगले होते, ते बिघडलेल्या दोन्ही जागी गेले. २४ एकसारखी मशीन घेण्याचा फायदा इथे कळतो: कुठलाही भाग कुठेही बसतो, आणि एकदा सापडलेलं उत्तर सगळ्यांना लागू पडतं. म्हणून वेगवेगळ्या मॉडेलच्या ४० मशीनपेक्षा एका लॅबची २० कधीही बरी.

बायोस पासवर्ड सगळ्यांवर होता. बोर्डवरची छोटी सीएमओएस बॅटरी काढून तो जात नाही. बॅटरीने घड्याळ आणि सेटिंग जातात, पासवर्ड वेगळ्या जागी साठवलेला असतो. योग्य पद्धत अशी: वीज काढा, पॉवर बटण काही सेकंद दाबून उरलेला भार घालवा. बोर्डवर 'पीएसडब्ल्यूडी' असं छापलेल्या दोन पिनांवरचा जंपर काढा, आणि जंपर नसतानाच मशीन सुरू करून बायोसपर्यंत जाऊ द्या. पासवर्ड याच वेळी पुसला जातो. मग बंद करा, वीज काढा, जंपर परत लावा. नुसता जंपर काढून लगेच लावला आणि मधे मशीन सुरूच केलं नाही, तर काहीही होत नाही. बहुतेकांचा गोंधळ इथेच होतो. एका मशीनला तीन-चार मिनिटं लागतात.

सीआर २०३२ बॅटरी मात्र सगळ्यांच्या बदलल्या. नवी ३ व्होल्टच्या थोडी वरच असते. निघालेल्यांपैकी बऱ्याच २.७ च्या खाली होत्या. घड्याळ मागे पडलं की सर्टिफिकेटची तारीख जुळत नाही, अपडेट अडतात, आणि कारण नेटवर्कमध्ये शोधलं जातं.

पासवर्ड गेल्यावर बायोसमध्ये क्रमाने: फॅक्टरी डिफॉल्ट, झाकण उघडल्याचा इशारा पुसणं, नाहीतर दर वेळी एफ-१ मागतो, बूट क्रमात नेटवर्क खाली, कारण लॅबमध्ये ते पहिलं असतं आणि घरी आल्यावर पीएक्सई (नेटवर्कवरून बूट) ई-६१ चा संदेश दाखवत वेळ काढतं, बूट पद्धत यूईएफआय, साटाची पद्धत एएचसीआय.

मग दोन गोष्टी, ज्या लोक हमखास विसरतात. पहिली इंटेल एएमटी. लॅबमध्ये दुरून मशीन चालू-बंद करायला ती वापरतात, आणि डिस्क बदलली तरी ती जिवंत राहते. मेनूत जाऊन 'फुल अनप्रोव्हिजन' करायचं. दुसरी कॉम्प्युट्रेस, ही चोरीविरोधी सोय. बायोसमध्ये तिचे तीन पर्याय असतात, आणि एकदा 'अ‍ॅक्टिव्हेट' किंवा 'डिसेबल' निवडलं की तो निर्णय कायमचा. २२ पैकी २ मशीनवर 'अ‍ॅक्टिव्हेट' दिसलं. हे जंपरने जात नाही, जाऊही नये, कारण चोरीला गेलेलं मशीन ओळखण्यासाठीच ते आहे. दोन्ही सर्व्हिस टॅग हस्तांतरणाच्या पत्रासह विद्यापीठाला कळवले आहेत. सोडवणूक त्यांच्याच खात्यातून होते.

नव्या पिढीच्या मशीनना हाच अडथळा वेगळ्या रूपात येतो: विंडोजचं ऑटोपायलट, क्रोमबुकची एंटरप्राइझ नोंदणी, मॅकचं अ‍ॅक्टिव्हेशन लॉक. तिन्हींत मशीन पूर्ण पुसून सेटअप सुरू केलं तरी ते जुन्या मालकाकडे बोट दाखवतं. लॉट उचलण्याआधी एक मशीन इंटरनेटला जोडून सेटअपच्या पहिल्या पडद्यांपर्यंत नेऊन बघा.

नोंद ४ : राहून गेलेली डिस्क

एका मशीनमध्ये ५०० जीबीची डिस्क राहिली. आत काय आहे ते बघायचं नाही, विभागाला कळवायचं आणि पुसायचं. हे प्रकार नवे नाहीत. गारफिंकेल आणि शेलट या संशोधकांनी वापरलेल्या १५८ डिस्क विकत घेऊन तपासल्या होत्या, तो अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या १२९ चालू होत्या, आणि नीट पुसलेल्या फक्त १२. बाकीच्यांतून क्रेडिट कार्डांचे हजारो क्रमांक निघाले.

पुसण्यासाठी डिस्कची स्वतःची सिक्युअर इरेज आज्ञा वापरली, लिनक्सच्या लाइव्ह पेनड्राइव्हवरून एचडीपार्म या प्रोग्रामने. पहिला अडथळा: डिस्क 'फ्रोझन' दिसते. बायोस सुरू होतानाच तिला गोठवतो. मशीन झोपवून पुन्हा जागं केलं की बहुतेक वेळा सुटते. मग तात्पुरता पासवर्ड लावून इरेज द्यायचं. पासवर्ड नेहमी एकच आणि एका अक्षराचा ठेवा, कारण मधेच वीज गेली तर डिस्क त्या पासवर्डने कुलूपबंद राहते आणि तोच टाकून सोडवावी लागते. किती मिनिटं लागतील ते डिस्क स्वतःच सांगते. सेकंदाला सरासरी १०० एमबी धरले तर ५०० जीबीला साधारण ८० ते ८५ मिनिटं. यूएसबी अ‍ॅडॉप्टरवरून हे करू नका. बरेच अ‍ॅडॉप्टर आज्ञा अर्धीच पोचवतात, आणि डिस्क कुलूपबंद अवस्थेत हाती येते.

एसएसडीला शून्यं लिहून पुसणं पुरत नाही. राखीव ब्लॉकपर्यंत ते लेखन पोचतच नाही, तिथे इरेज आज्ञाच हवी. चुंबकाने डिस्क पुसणारं डीगॉसर यंत्र एसएसडीवर काहीच करत नाही, आणि साध्या डिस्कला कायमचं निकामी करतं. विद्यापीठाने डीगॉस केलेल्या डिस्क लॉटमध्ये आल्या तर त्या थेट ई-कचऱ्यात.

पुसल्यानंतर स्मार्ट (डिस्क स्वतःच ठेवते ती प्रकृतीची नोंद) तपासलं. क्रमांक ५ (बदलून घेतलेले सेक्टर), १९७ (संशयित सेक्टर) आणि १९८ (न वाचता येणारे सेक्टर) हे तिन्ही शून्य हवेत. इथे १९७ मध्ये ८ दिसले होते, इरेजनंतर ते शून्यावर आले पण ५ मध्ये ८ जमा झाले. म्हणजे ते सेक्टर खरेच खराब होते आणि डिस्कने बदलून घेतले. ही डिस्क डेटासाठी वापरणार नाही. क्रमांक १९९ (केबलवरून येता-जाता झालेल्या चुका) वाढत असेल तर डिस्कला दोष देण्याआधी साटा केबल बदलून बघा.

नोंद ५ : रॅम, धूळ, पेस्ट

४१ पट्ट्यांवर मेमटेस्टचा पूर्ण एक फेरा. तीन पट्ट्यांत चुका. त्यांच्या सोनेरी पट्टीवरून खोडरबर फिरवून, पुसून पुन्हा चाचणी घेतली, तरी चुका त्याच पत्त्यांवर. बाद. उरल्या ३८: १६ मशीनना ८ जीबी, ६ ना ४ जीबी.

जास्तीची रॅम शोधताना लेबलवरचं शेवटचं अक्षर वाचा. पीसी ३-१२८०० नंतर 'यू' हवा. 'आर' असेल तर ती सर्व्हरची रजिस्टर्ड पट्टी. ती स्लॉटमध्ये व्यवस्थित बसते, पण मशीन सुरूच होत नाही. विद्यापीठाच्या सामानात सर्व्हर आणि डेस्कटॉपची रॅम एकाच डब्यात मिसळलेली असते, म्हणून हे सांगणं.

ब्लोअरने धूळ काढताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा. हवेच्या जोराने तो वेड्यासारखा फिरला तर बेअरिंग जातं. जुनी पेस्ट खडूसारखी झाली होती. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून मसुरीच्या दाण्याएवढी नवी. नंतर अर्धा तास पूर्ण लोड; ८० अंशांच्या वर गेलेल्या एका मशीनचा हीटसिंकचा स्क्रू सैल निघाला.

मालमत्तेचं स्टिकर हेअर ड्रायरने गरम करून निघतं. पण तोच क्रमांक बायोसच्या अ‍ॅसेट टॅगमध्येही असतो, आणि एकदा भरलेला टॅग बायोसच्या पडद्यावरून बदलता येत नाही. डेल कमांड कॉन्फिगर वापरून तो रिकामा करावा लागतो.

नोंद ६ : स्विच आणि इमेज

स्विचमध्ये जुनी सेटिंग तशीच होती. मोड बटण दाबून धरून वीज लावायची, बूटलोडरच्या प्रॉम्प्टवर फ्लॅश सुरू करायची, आणि कॉन्फिगची टेक्स्ट फाइल उडवायची. सोबत व्हीलॅनची (स्विचमधल्या वेगवेगळ्या नेटवर्क विभागांची) डॅट फाइलही उडवा. ती वेगळी राहते, आणि नुसतं कॉन्फिग पुसलं तर जुने व्हीलॅन परत दिसतात.

एका मशीनवर उबुंटू सर्व्हर (लिनक्सचा एक प्रकार) बसवून क्लोनझिला या प्रोग्रामने इमेज (बाकीच्या मशीनवर उतरवायची हुबेहूब प्रत) घेतली. मूळ एसएसडी २४० जीबीची घेतली, कारण २५६ वरून घेतलेली इमेज २४० वर उतरत नाही. पहिली तीन मशीन जोडली आणि तिन्हींना राऊटरने एकच आयपी पत्ता दिला. नेटवर्क कार्डांचे मॅक पत्ते (कार्डाचे मूळ क्रमांक) वेगळे असूनही असं होतं, कारण उबुंटू सर्व्हर डीएचसीपीला (आयपी पत्ते वाटणाऱ्या सेवेला) आपली ओळख मशीन आयडीवरून सांगतो, आणि क्लोनमध्ये ती आयडी सगळीकडे तीच. इमेज घेण्याआधी मशीन आयडीची फाइल रिकामी करायची (फाइल राहू द्यायची, मजकूर काढायचा), एसएसएचच्या (दुरून लॉगिन करण्याच्या) होस्ट किल्ल्या उडवून पहिल्या बूटला नव्या बनतील अशी सोय करायची. इमेज नव्याने घेतली, आता प्रत्येकाला वेगळा पत्ता.

चौकटी ७ कमी पडल्या. एसएसडीत फिरणारा भाग नसल्याने ती कॅबिनेटच्या तळाला जाड दुहेरी चिकटपट्टीने बसवली, कनेक्टरवर ताण येणार नाही इतकी केबल सैल ठेवून.

आजची स्थिती

१५ मशीन पूर्ण तयार. २ तयार, पण कॉम्प्युट्रेसची सोडवणूक येईपर्यंत कुणाला द्यायची नाहीत. ५ मशीन साटाच्या पॉवर केबलसाठी थांबली आहेत. केबल ९०२० स्मॉल फॉर्म फॅक्टरचीच हवी. कुणाकडे मेलेल्या बोर्डसोबत पडून असेल तर काढून ठेवा. सुट्या भागांसाठीच्या दोन मशीनमधले प्रोसेसर, पंखे आणि झाकणं लेबल लावून ठेवली आहेत. दोन बोर्ड, दोन सप्लाय, तीन रॅम पट्ट्या ई-कचऱ्याच्या खोक्यात आणि २४ बॅटऱ्या ध्रुवांवर टेप लावून वेगळ्या डब्यात.