सात वर्षांपूर्वीची सही

उत्तेजक-चाचणीसाठी खेळाडूची लघवी 'ए' आणि 'बी' अशा दोन सीलबंद बाटल्यांत भरतात; 'ए'त काही सापडलं की खात्रीसाठी आमच्या प्रयोगशाळेत 'बी' उघडतात. ती उघडताना खेळाडू स्वतः क्वचितच येतो. वकील येतो, नाहीतर कुणीच येत नाही. त्या सकाळी ती स्वतः आली. तोवर आमच्या लेखी ती फक्त एक क्रमांक होती. नाव आम्हाला कळू नये अशीच सगळी व्यवस्था असते, आणि ते मला बरं वाटतं. क्रमांकाची दया येत नाही.

नमुना सात वर्षांचा जुना, उणे वीस अंशांत ठेवलेला. जुने नमुने आधी आठ वर्षांपर्यंत पुन्हा तपासता यायचे, २०१५ च्या जागतिक उत्तेजकविरोधी नियमांनी ती मुदत दहा वर्षं केली. 'ए' बाटलीत उरलेल्या लघवीची फेरतपासणी मीच केली होती: एन्झाइम, ईथर, नायट्रोजनखाली सुकवणं, मग रेणू वजनावरून ओळखणारं यंत्र, मास स्पेक्ट्रोमीटर. आलेखात जिथे सपाट रेघ असायची तिथे बारीकसं पण स्वच्छ टोक, आमच्या भाषेत 'पीक', उभं होतं. शेजारच्या तरुण सहकाऱ्याने "सापडली!" म्हणून टेबलावर हात मारला. असा आनंद मला आता होत नाही, आणि त्याचा राग येतो हेही खरं.

ओरल ट्युरिनाबोल. पूर्व जर्मनीने आपल्या खेळाडूंना सर्रास दिलेलं स्टेरॉइड. आम्ही पूर्वी शोधायचो ते त्याचे अवशेष लघवीतून लवकर संपतात. मग २०१२ मध्ये मॉस्कोच्या प्रयोगशाळेतून एक शोधनिबंध आला: एम-३ नावाचं मेटाबोलाइट, म्हणजे शरीरात या औषधापासून बनणारा एक अवशेष, कित्येक आठवडे टिकतं. बीजिंग आणि लंडन ऑलिम्पिकच्या जुन्या बाटल्यांमधून शंभराहून अधिक खेळाडू सापडले, त्यात या एका रेणूचा वाटा मोठा. निबंधाचे एक लेखक रोदचेन्कोव्ह, त्याच प्रयोगशाळेचे तेव्हाचे प्रमुख. २०१४ च्या सोची हिवाळी ऑलिम्पिकमध्ये रशियन खेळाडूंचे नमुने रातोरात बदलल्याची कबुली त्यांनीच २०१६ मध्ये दिली. त्यांची पद्धत मी रोज वापरते. उत्तम पद्धत आहे.

तिने सीलवरचा क्रमांक कागदाशी ताडून पाहिला, दोनदा. हे झाकण हाताने उघडत नाही, यंत्रात धरून फोडावं लागतं. कट्‌ असा आवाज झाला तेव्हा ती दचकली. मी नमुना वेगळा काढला, उरलेल्या बाटलीला पुन्हा सील लावलं, तिने सही केली.

मग तिने विचारलं, "तेव्हाची तपासणीही इथेच झाली होती ना? तेव्हा निगेटिव्ह कसं आलं?"

साक्षीदाराशी नमुन्याबद्दल बोलायचं नसतं. "ते मला सांगता येणार नाही," एवढंच मी म्हटलं. जुन्या अहवालावर सही माझीच होती. निगेटिव्ह म्हणजे 'आम्ही शोधलेल्या गोष्टी, आमच्या यंत्राला दिसतील इतक्या प्रमाणात, आढळल्या नाहीत'. हे आम्ही अहवालात कधी लिहीत नाही, आणि बातम्यांमध्ये तर त्याचं 'निर्दोष' होऊन जातं. त्या कागदाच्या भरवशावर कुणाला तरी चौथ्या क्रमांकावर घरी जावं लागलं असणार.

दोन दिवसांनी 'बी'मध्येही तेच पीक दिसलं. अहवाल लिहायला दहा मिनिटं पुरली.

त्याच स्पर्धेचे बाकीचे नमुने त्याच फ्रीझरमध्ये आहेत. चौथी आलेल्या खेळाडूची बाटलीही असेल. त्या बाटलीचा क्रमांक मला ठाऊक नाही. फेरतपासणीची यादी वरून येते, आणि त्या यादीत तो आहे की नाही, तेही मला कळणार नाही.