बुरशीची ॲलर्जी आणि कोरड्या घराचा शोध

पुण्याचा पावसाळा कोकणाइतका दांडगा नसला, तरी भिंतींना ओल धरायला तो पुरेसा असतो, आणि बुरशीची ॲलर्जी असलेल्या माझ्यासारख्या माणसाला बाहेरच्या पावसापेक्षा कपाटामागच्या भिंतीचीच अधिक धास्ती वाटते. सदाशिव पेठेतल्या आमच्या भाड्याच्या घरात त्या भिंतीवर हिरवट-काळे ठिपके उमटत, रंगाचे पोपडे सुटत, आणि पहाटे शिंकांनी सुरू झालेला त्रास रात्री छातीतल्या घरघरीपर्यंत पोहोचे. घरमालक दिवाळीत त्यावर रंग मारून देत. वरच्या मजल्यावरची गळकी पाइप दुरुस्त करणे मात्र त्यांना खर्चिक वाटे.

ओल कायम असताना दिलेला रंग काही महिन्यांतच फुगतो, कारण बुरशीला वाढायला मुख्यतः ओलावाच लागतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९ सालच्या मार्गदर्शक तत्त्वांतही भर आहे तो ओल रोखण्यावर. घरातील सापेक्ष आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली, शक्यतो ३० ते ५० टक्के असावी आणि भिजलेली गादी किंवा पडदे २४ ते ४८ तासांत वाळावेत, असे सांगतात; आपल्याकडे जुलैत साधा टॉवेल वाळत नाही, हा भाग वेगळा.

कोथरूडमध्ये घरे पाहताना आम्ही बाथरूमला लागून असलेली भिंत हाताने चाचपली, सिंकखालच्या कपाटात डोके घालून वास घेतला. तेही ऑगस्टमध्येच, कारण मे महिन्यात पुण्यातले कोणतेही घर कोरडे ठणठणीत दिसते.