हाताने घडवलेल्या वस्तूंचं दुकान

अखेर दुकान उघडलं. प्रत्येक वस्तूशेजारच्या चिठ्ठीवर ती घडवणाऱ्याचं नाव लिहायचंच, हे फळ्या बसवायच्या आधीच ठरलं होतं.

काही माल मी रोख विकत घेते, काही 'विकला की पैसे' या बोलीवर ठेवते. दुसऱ्या पद्धतीत सगळी जोखीम कलाकाराच्या अंगावर येते. त्याची माती, सूत, मेहनत माझ्या फळीवर अडकून पडते. म्हणून नव्या कलाकाराचा थोडा तरी माल रोखीने घ्यायचाच. आणि ओळख कितीही जुनी असो, लेखी करार हवा: माझा वाटा किती, हिशेब कधी, वस्तू दुकानात फुटली तर भरपाई कुणी द्यायची. (माझ्या मते ती दुकानदारानेच द्यावी.)

"अगदी अस्सेच सहा कप मिळतील?" हा प्रश्न नेहमीचा. मिळतील, पण तंतोतंत नाही. माती वाळताना आकसते, भट्टीत आणखी आकसते. झिलईचा रंगही भट्टीतल्या जागेप्रमाणे बदलतो. हे सांगायला मला फार आवडतं.

नैसर्गिक रंगाची कापडं काचेपासून लांब ठेवलीत, उन्हाने विटतात. घासाघीस मात्र मी करू देत नाही. किंमत कलाकाराने ठरवलेली असते, ती पाडायचा हक्क मला नाही.